आपत्तीनंतरची पॅरिश जोडणी

पूर, वादळ, भूकंप असं काही होऊन गेलं की धड असलेली एक कॅथलिक पॅरिश (एका चर्चखालचा ख्रिस्ती समाज) नुकसान झालेल्या दुसऱ्या पॅरिशचा हात धरते आणि पहिली धावपळ संपली तरी निदान दोन-तीन वर्षं तो सोडत नाही, याला पॅरिश जोडणी म्हणतात. बाहेर ट्विनिंग किंवा सिस्टर पॅरिश असे शब्द चालतात. गोव्यात पॅरिशला कोंकणीत फिरगज म्हणतात, तो पोर्तुगीज फ्रेगेझियावरून आलाय, आणि फिरगज म्हणजे नुसती इगर्ज (चर्चची इमारत) नव्हे, तिच्याखालची कपेलं (छोटी प्रार्थनाघरं), वाडे, माणसं सगळं त्यात आलं. चर्चच्या 1983 च्या कायद्यातही (कलम 515) पॅरिशची व्याख्या इमारत नाही, लोकांचा समुदाय अशीच आहे. म्हणून इगर्जीचं छप्पर उडालं तर ती दुरुस्ती हा जोडणीतला एक भाग झाला, सगळी जोडणी नाही.

मराठी वाचकाला लगेच आठवेल ते किल्लारी. 30 सप्टेंबर 1993 च्या भूकंपानंतर संस्थांनी, कंपन्यांनी गावं दत्तक घेतली होती. पण दत्तक म्हटलं की एक आईबाप आणि एक लेकरू, तसं इथे अपेक्षित नाही. चर्चच्या कायद्यात दोन्ही पॅरिश सारख्याच स्वतंत्र, दोघींना आपापले फादर, दोघींना आपापली फायनान्स कमिटी (ती कलम 537 प्रमाणे असावीच लागते), त्यामुळे कोणी कोणाचा मालक नसतो. निदान कागदावर. प्रत्यक्षात ज्याचा पैसा त्याचा आवाज मोठा, हे काय सांगायला पाहिजे.

कल्पना जुनीच आहे. बायबलच्या प्रेषितांची कृत्ये या पुस्तकात (अध्याय 11) क्लॉडियस बादशहाच्या काळात दुष्काळ पडतो आणि अंत्युखियाची मंडळी यहूदियातल्या भावंडांना बर्णबा आणि शौल यांच्या हाती मदत पाठवते. पैसे नुसते पाठवले नाहीत, दोन ओळखीची माणसं बरोबर गेली, आजची जोडणीही त्यावरच चालते. अलीकडचं ठळक उदाहरण म्हणजे अमेरिकेत नॅशव्हिलला 1978 मध्ये सुरू झालेला पॅरिश ट्विनिंग प्रोग्रॅम, ज्यातून तिकडच्या पॅरिश मुख्यतः हैतीतल्या पॅरिशशी जोडल्या गेल्या. 12 जानेवारी 2010 ला हैतीत भूकंप झाला, पोर्ट-ओ-प्रिन्सचं कॅथेड्रल कोसळलं, खुद्द आर्चबिशप जोसेफ सर्ज मियो गेले, वरची यंत्रणाच मोडली, अशा वेळी आधीपासून ओळख असलेल्यांना फोन कोणाला करायचा हे माहीत असतं आणि बाकीचे पत्ता शोधत बसतात.

उलटा धडा अमेरिकेतल्याच न्यू ऑर्लिन्सचा. 29 ऑगस्ट 2005 ला कतरिना वादळ आलं, बांध फुटले, शहराचा साधारण 80 टक्के भाग पाण्याखाली, आणि माणसं परत आलीच नाहीत म्हणून आर्चडायसिसने (डायसिस म्हणजे बिशपच्या हाताखालचा धर्मप्रांत, आर्चडायसिस आर्चबिशपचा) 2008 मध्ये बऱ्याच पॅरिश बंद करायचं किंवा एकमेकीत मिसळायचं ठरवलं. दोन इगर्जीत लोक ठिय्या देऊन बसले, जानेवारी 2009 मध्ये पोलिसांनी बाहेर काढलं. म्हणजे तुम्ही जिच्याशी जोडणी केली ती पॅरिशच उद्या राहील याची गॅरंटी नाही. विलीनीकरण झालं तर मालमत्ता नव्या पॅरिशकडे जाते पण देणाऱ्याचा हेतू पाळावा लागतो, असं कलम 121 म्हणतं.

आता गोवा. इथे गोवा-दमण आर्चडायसिस एकच, मुख्यालय पणजीच्या आल्तिनोवर, पॅरिश दीडशेच्या वर, आणि समाजकार्याची शाखा म्हणजे कारितास-गोवा. मदतीचा सरकारी म्हणावा असा रस्ता तिथूनच जातो. 2 ऑक्टोबर 2009 ला, गांधी जयंतीच्याच दिवशी, काणकोणात तळपण आणि गालजीबाग या नद्या अचानक चढल्या, मातीची घरं विरघळली, कुळागरं (माडा-पोफळीच्या बागा) गाळाने भरली, गुरं वाहून गेली, आणि चाळीस दिवसांत वरून फयान वादळ. काणकोण गोव्याच्या दक्षिण टोकाला, सासष्टीतून गेलं तर लांब वाटत नाही, पण एरवी तिकडे कोणी जात नाही, अशा ठिकाणी जोडणीची खरी गरज दिसते.

दुसरं उदाहरण 23 जुलै 2021 चं. म्हादई, खांडेपार फुगल्या, सत्तरी, डिचोली, फोंडा, धारबांदोड्यात घरं पडली, मुख्यमंत्री म्हणाले 1982 नंतरचा सगळ्यात वाईट पूर. सत्तरीत ख्रिस्ती घरं थोडीच, पडलेली बहुतेक घरं हिंदूंची. मग पॅरिशने पॅरिशला मदत करायची म्हणजे काय? तिथली छोटी पॅरिश म्हणजे फक्त नळाची तोटी, पाणी सगळ्या वाड्याला जायला हवं. कारितास रेड क्रॉस आणि मदत संस्थांच्या ज्या 1994 च्या आचारसंहितेला बांधील आहे तिच्यात मदत धर्म न बघता द्यायची असं स्पष्ट आहे. आणि गोव्यात धर्मांतराच्या आमिषाची कुजबुज व्हायला वेळ लागत नाही, त्यामुळे तांदळाच्या पोत्यावर क्रूस छापू नये आणि वाटप मिसेनंतर (चर्चमधल्या उपासनेनंतर) इगर्जीच्या दारात करू नये, पंचायतीच्या हॉलात करावं, असं माझं मत.

त्या पुरातून आणखी एक गोष्ट कळते. आदल्या दिवशी, 22 जुलैला, वाशिष्ठीने चिपळूण बुडवलं होतं. रत्नागिरीचा तो भाग सिंधुदुर्ग डायसिसमध्ये येतो, ती 2005 मध्ये पुणे डायसिसमधून वेगळी झाली आणि चर्चच्या रचनेत गोव्याच्या प्रांतात आहे. म्हणजे शेजारी-शेजारी एकाच वेळी पाण्यात. जोडी लावताना दोन्ही पॅरिश एकाच नदीच्या खोऱ्यात किंवा एकाच पावसाच्या पट्ट्यात नसाव्यात, साध्या गणिताची गोष्ट, पण ओळखीपाळखीने जोड्या लावल्या की नेमकं तेच होतं. त्याच वर्षी 16 मेच्या तौक्ते वादळाने तर अख्ख्या गोव्याची लाईट घालवली, तेव्हा मदत करणारे पण काळोखातच बसले होते.

पैशाचं जरा किचकट आहे. रविवारी नेहमीच्या दानपेटीशिवाय यासाठी दुसरं पेटारं फिरतं, आणि ठरावीक कारणासाठी दिलेला पैसा त्याच कारणाला वापरायचा, कलम 1267. पुरासाठी जमलेल्यातून फेस्ताचा (चर्चच्या सणाचा) मांडव होत नाही. परदेशातल्या पॅरिशला, परदेशी पासपोर्ट घेतलेल्या गोंयकारांना वाटतं सरळ फादरच्या खात्यात टाकू, तसं चालत नाही, एफसीआरए (परदेशी देणगीचा कायदा) नोंदणी लागते, आणि 2020 च्या दुरुस्तीपासून तो पैसा स्टेट बँकेच्या दिल्लीतल्या मुख्य शाखेतल्या खात्यातच यावा लागतो, पुढे दुसऱ्या संस्थेला वळवता येत नाही, आणि प्रशासनावर 20 टक्क्यांच्या वर खर्च करता येत नाही. म्हणून देशातल्या देशातली जोडणी सोपी.

वस्तूंचं काय होतं ते कोणत्याही पूरग्रस्ताला विचारा. पहिल्या आठवड्यात जुन्या कपड्यांचे ढीग, सातव्या आठवड्यात कोणी नाही, आणि त्याच वेळेला नळे (छपराची कौलं), वाशे, शाळेची पुस्तकं, सरकारी भरपाईचे फॉर्म भरून द्यायला एक माणूस एवढंच हवं असतं. घेणाऱ्या पॅरिशने यादी करायची आणि देणाऱ्याने तीच वाचायची, हा नियम मोडला की जोडणीचं दान होतं.

मदत हातांनीही होते. ऑगस्ट 2018 च्या केरळच्या पुरात किनाऱ्यावरच्या पॅरिशमधले मच्छीमार आपल्या होड्या ट्रकवर चढवून आत गेले आणि हजारो माणसं बाहेर काढली, त्यात चर्चच्या घोषणेचा वाटा मोठा होता. या लोकांना एरवी कोणी देणारे समजत नाही.

जोडणी कधी संपली हे कोणी जाहीर करत नाही. हिशोब दोन्हीकडे नोटीस बोर्डावर लागतो, शेवटचं घर उभं राहतं, मग एकमेकांच्या फेस्ताला बस भरून जाणं तेवढं राहतं, सांजावला (सेंट जॉनच्या सणाला) पोरं इकडच्या बांयत (विहिरीत) उड्या मारतात आणि पुढच्या वर्षी तिकडच्या.