जळलेल्या बोर्डातला कोळसा

मिक्सरचे कार्बन झिजले की आपण कोपऱ्यावरच्या दुकानातून नवी जोडी आणतो, बसवतो आणि मिक्सर परत फिरायला लागतो, म्हणजे कार्बनमधून वीज मस्त जाते हे आपल्याला स्वयंपाकघरातूनच कळलेलं असतं. तरी गिटारचा ट्यूब अँप (म्हणजे ट्रान्झिस्टरऐवजी काचेच्या व्हॉल्व्हवर चालणारा अ‍ॅम्प्लिफायर) जळून आला की बरेच जण काय करतात तर काळा पडलेला बोर्ड पुसायचा, तुटलेला ट्रॅक (बोर्डावरची तांब्याची पट्टी) वायरने जोडायचा, नव्या ट्यूब घालायच्या आणि अँप दुसऱ्यांदा जाळायचा. मीही पहिल्यांदा हेच केलं होतं, नव्या ट्यूबच्या जोडीसकट.

मागच्या महिन्यात मित्राचा अँप आला, 50 वॅटचा, दोन ईएल34 ट्यूबवाला. मागचं झाकण काढल्यावर आधी वास आला, मग दिसलं की एका ट्यूबच्या सॉकेटखाली रुपयाएवढा काळा डाग पडलाय. सगळ्यात काळा कुठे, तर पिन 2 आणि पिन 3 च्या मध्ये. हे बघून आश्चर्य वाटलं नाही, कारण ईएल34 मध्ये पिन 3 म्हणजे अ‍ॅनोड, ट्यूबचं जास्त व्होल्टेजचं टोक, तिथे 450 व्होल्ट डीसी, आणि शेजारचीच पिन 2 ट्यूब तापवणाऱ्या हीटरची, 6.3 व्होल्टची, जी ट्रान्सफॉर्मरमार्गे शेवटी अर्थला जाऊन मिळते. मध्ये अंतर जेमतेम काही मिलिमीटर.

आता 450 व्होल्ट तेवढ्या अंतरावर एरवी निमूटपणे बसतात. ठिणगी पडते ती त्याच्यापेक्षा कितीतरी जास्त व्होल्टेज आलं तर, आणि ते आणायचं काम आपणच करतो, स्पीकरची केबल न लावता अँप वाजवून. वरच्या मजल्यावरच्या टाकीचा नळ फुल सोडा आणि झटकन बंद करा, पाइप कसा धाडकन आवाज करतो? पाणी वेगात असतं, त्याला जायला जागा नसते, सगळा जोर पाइपवर येतो. ट्यूब आणि स्पीकर यांच्या मधल्या आउटपुट ट्रान्सफॉर्मरचं तसंच आहे. ट्यूबमधला करंट बदलला की त्यातली चुंबकीय ऊर्जा स्पीकरमध्ये निघून जायला हवी, स्पीकरच नसेल तर तीच ऊर्जा अ‍ॅनोडवर हजारो व्होल्टचा धक्का होऊन उभी राहते आणि मिळेल तिथून उडी मारते. ट्रान्झिस्टरच्या अँपची सवय असलेल्यांना हे उलटं वाटतं, कारण तिथे स्पीकर शॉर्ट होणं वाईट, नुसता काढून ठेवला तर काही बिघडत नाही. ट्यूबवाल्याला मात्र एकवेळ शॉर्ट चालेल पण मोकळं तोंड नको, म्हणून काही अँपमध्ये जॅकच असा असतो की पिन काढली की आउटपुट आपोआप शॉर्ट.

ठिणगी क्षणभराची, पण ती मागे कोळसा ठेवून जाते, आणि खरं दुखणं हेच. बोर्ड म्हणजे काचेच्या धाग्यांचं कापड आणि त्यात मुरवलेलं इपॉक्सी. इपॉक्सी करपलं की उरतो कार्बन, म्हणजे दोन पिनांच्या मध्ये कुणी न मागता एक रेझिस्टर बसला. समजा तो 1 मेगाओहमचा आहे. 450 व्होल्टला त्यातून अर्धा मिलिअँपही जात नाही, उष्णता 0.2 वॅट. वाटतं, एवढ्याने काय होतंय, पण ती सगळी धग एका बारीक रेघेत, त्यामुळे शेजारचं इपॉक्सी करपतं, कोळसा वाढतो, रोध कमी होतो, करंट वाढतो. 100 किलोओहमपर्यंत उतरला की तांदळाच्या दाण्याएवढ्या जागेत 2 वॅट! आणि फ्यूज? तो बिचारा 500 मिलिअँपची वाट बघत बसलेला, इथे चाललेत साडेचार, त्याला पत्ताच नाही. (त्यात कुणी फ्यूजला सिगरेटच्या पाकिटातली चांदी गुंडाळली असेल तर मग आनंदच.)

मल्टिमीटरही इथे फसवतो. त्याच्या ओहमच्या रेंजला दोन-तीन व्होल्ट असतात, तेवढ्यात हा कोळसा कधीकधी अगदी साळसूद दिसतो. वायरमन लोक घराचं वायरिंग तपासायला मेगर (जास्त व्होल्टेज देऊन इन्सुलेशन तपासणारं मीटर) वापरतात तो आणा, 500 व्होल्ट द्या, मग खरं कळतं.

पण हात घालायच्या आधी कंडेन्सर रिकामे करायचे. 50 मायक्रोफॅराडला 450 व्होल्ट म्हणजे 5 जूल, प्लग काढल्यावरसुद्धा आत टिकून राहू शकतात. स्क्रूड्रायव्हरने फटाका वाजवायचा नाही, 10 किलोओहमचा 5 वॅटचा रेझिस्टर पाच-दहा सेकंद धरायचा आणि मीटरवर शून्य बघायचं. ज्याला हे नीट जमत नाही त्याने अँप उघडू नये, स्पष्ट सांगतो.

मग सॉकेट काढलं आणि छोट्या ग्राइंडरने काळं सगळं खरवडलं. मन कठोर करून खरवडावं लागतं, थोडंसं करडं राहिलं तर तेही कोळसाच, आतला फिकट हिरवट स्वच्छ थर लागेपर्यंत थांबायचं नाही. तोंडाला मास्क हवाच, ती काचेची भुकटी असते. शेवटी आयसोप्रोपिल अल्कोहोलने धुतलं, वाळवलं, मेगर लावला, तेव्हा कुठे काटा हलायचा थांबला. बोर्डाला आरपार भोक पडलं होतं. ते भरायचं का? कपाटं चिकटवायचं घरगुती इपॉक्सी तर नकोच, ईएल34 च्या खालच्या गरमीत ते मऊ पडतं. मी भोक तसंच ठेवलं, मध्ये कोरडी हवा असलेली काय वाईट, पॉवर सप्लायच्या बोर्डांवर डिझायनर मुद्दाम फटी पाडतात त्या याचसाठी.

नवं सॉकेट सिरॅमिकचं घेतलं आणि बोर्डावर न लावता थेट चासीवर (अँपच्या धातूच्या सांगाड्यावर) स्क्रूने बसवलं, टेफ्लॉनच्या वायरी ओढल्या. यात नवीन काही नाही, 1962 मध्ये लंडनला जिम मार्शल यांच्या दुकानात फेंडर बेसमनच्या सर्किटवरून जेटीएम45 तयार झाला तेव्हा सॉकेटं चासीवरच असायची. ती बोर्डावर आली ती जोडणी स्वस्त पडावी म्हणून. ट्यूबच्या आतल्या स्क्रीन नावाच्या जाळीचे 5 वॅटचे रेझिस्टरही जरा उचलून लावले, बोर्डाला चिकटून बसले की तेही हळूहळू त्याला भाजतात.

पहिल्यांदा चालू केला तो सिरीज लॅम्पवर, म्हणजे अँपकडे येणाऱ्या लाइनच्या वाटेत 100 वॅटचा जुना पिवळा बल्ब लावून, अर्थात स्पीकर जोडून. बल्ब क्षणभर भगभगला, कंडेन्सर भरले तसा मंद झाला. मंदच राहिला, म्हणजे आत शॉर्ट नाही. मग सरळ लाइनवर घेऊन बायस (काही वाजत नसताना ट्यूबमधून जाणारा करंट) लावला, ईएल34 च्या अ‍ॅनोडची उष्णतेची मर्यादा 25 वॅट, त्याच्या 70 टक्के धरले की 450 व्होल्टला साधारण 39 मिलिअँप येतात, मी 35 वरच ठेवला. मित्र म्हणाला आवाज आधीसारखाच आहे. तासभर वाजवू दिला, मग बंद करून, रिकामा करून, परत मेगर लावला. तेव्हा कुठे झाकणाचे स्क्रू मारले.