मॅक्युला आणि डोळ्याच्या पडद्याचे आजार: निदान, उपचार आणि अलीकडचं संशोधन

डोळ्याच्या आत मागच्या बाजूला जो पातळ थर असतो त्याला आपण पडदा म्हणतो, डॉक्टर रेटिना म्हणतात, आणि त्याच्या बरोबर मधला साधारण साडेपाच मिलिमीटरचा भाग म्हणजे मॅक्युला. वाचणं, सुईत दोरा ओवणं, समोरच्याचा चेहरा ओळखणं, स्टेशनवरचा इंडिकेटर वाचणं ही सगळी बारीक कामं या एवढ्याशा जागेवर चालतात, बाकीचा पडदा आजूबाजूचं आणि अंधारातलं बघतो. म्हणून मॅक्युला गेला तरी माणूस घरात नीट वावरतो, पण पेपर वाचता येत नाही, आणि त्यामुळेच घरच्यांच्या लक्षात उशिरा येतं. या नोंदीत मुख्यतः दोन आजार घेतलेत, डायबेटिसमुळे पडद्याला होणारी इजा म्हणजे डायबेटिक रेटिनोपथी आणि वयामुळे मॅक्युला झिजणं म्हणजे एएमडी, बाकीचे थोडक्यात आलेत. मोतीबिंदूचं ऑपरेशन चांगलं होऊनही नजर येत नाही तेव्हा बऱ्याचदा दोष पडद्यात असतो, हे इथेच सांगून ठेवलेलं बरं.

पिवळ्या डागाचा वाद

मॅक्युलाचा पिवळा डाग सगळ्यात आधी कोणी पाहिला यावर जुन्या ग्रंथांमध्ये एकमत नाही. मिलानच्या फ्रान्चेस्को बुझी यांनी १७८२ च्या सुमारास त्याचं वर्णन केलं असं इटालियन परंपरा मानते, तर जर्मन ग्रंथ हा मान सॅम्युएल झोमरिंग यांना देतात, ज्यांनी १७९१ मध्ये हा डाग बघितला आणि त्याची चित्रं काढून युरोपभर प्रसिद्ध केली. तारखा बघता बुझींचं पारडं जड वाटतं, पण झोमरिंगनी तो डाग शास्त्रज्ञांच्या चर्चेत आणला हेही खरंच. गंमत अशी की झोमरिंगना त्याच्या मध्यभागी भोक आहे असं वाटलं होतं, ते भोक नसून खळगा आहे हे नंतर ठरलं, त्यालाच आज फोव्हिया म्हणतात.

पुढचा वाद जास्त महत्त्वाचा. हा डाग जिवंत डोळ्यात पिवळा असतो का, की माणूस मेल्यावर रंग पसरतो म्हणून तसा दिसतो? १९११ चं नोबेल मिळालेले अल्वर गुलस्ट्रांड दुसऱ्या बाजूचे होते, त्यांच्या मते जिवंत पडद्यात हा पिवळेपणा नसतोच. त्यांचं वजन एवढं होतं की हे मत बराच काळ टिकलं. साधारण १९१३ च्या सुमारास आल्फ्रेड फोग्ट यांनी लाल रंग वगळलेल्या प्रकाशात जिवंत डोळे तपासले आणि पिवळेपणा त्यांना स्पष्ट दिसला, मग १९४५ मध्ये जॉर्ज वॉल्ड यांनी हा रंग पालेभाज्यांत असतो त्या झॅन्थोफिल जातीचा आहे हे दाखवलं, आणि १९८५ मध्ये बोन आणि लँड्रम यांनी त्यात ल्युटिनबरोबर झियाझॅन्थिनही असल्याचं दाखवलं. आजचे अभ्यासक फोग्ट आणि वॉल्ड यांच्याच बाजूने आहेत.

हे एवढं सांगायचं कारण म्हणजे केमिस्टकडे मिळणाऱ्या 'डोळ्यांच्या गोळ्या' याच धाग्यातून आल्या. अमेरिकेतल्या एरेड्स या मोठ्या चाचणीत (२००१) ठरावीक व्हिटॅमिन्स आणि झिंक घेतल्याने मध्यम टप्प्यावरचा एएमडी पुढच्या टप्प्याला जाण्याची शक्यता साधारण २५ टक्क्यांनी कमी झाली, पण त्यातलं बीटा कॅरोटिन सिगारेट ओढणाऱ्यांना फुप्फुसाच्या कॅन्सरच्या दृष्टीने धोक्याचं होतं, म्हणून एरेड्स २ मध्ये (२०१३) त्याच्या जागी १० मिलिग्रॅम ल्युटिन आणि २ मिलिग्रॅम झियाझॅन्थिन वापरून पाहिलं आणि आता तोच फॉर्म्युला चालतो. ज्याला आजार नाही किंवा अगदी सुरुवातीचा आहे त्याला या गोळ्यांचा फायदा सिद्ध झालेला नाही, आणि डायबेटिसच्या पडद्यावर तर त्या उपचार नाहीतच. लोक महिनोन्महिने घेत राहतात आणि तपासणी मात्र राहून जाते, ही काळजीची गोष्ट आहे.

निदान

पडदा बघायचा तर बाहुलीतून आत प्रकाश टाकून त्याच वाटेने बघावं लागतं. हे जमवणारं यंत्र, ऑफ्थाल्मोस्कोप, हेर्मान फॉन हेल्महोल्ट्झ यांचं मानलं जातं (१८५१). चार्ल्स बॅबेज यांनी १८४७ मध्येच तसलं यंत्र बनवलं होतं पण ज्या डॉक्टरांना दाखवलं त्यांना त्यातून काही नीट दिसलं नाही म्हणून ते बाजूला पडलं. १९६१ मध्ये नोव्हॉटनी आणि अल्विस यांनी हाताच्या शिरेत फ्लुरोसिन रंग टोचून पडद्याच्या रक्तवाहिन्यांचे फोटो काढायची पद्धत दाखवली, ती अजून वापरात आहे.

खरा बदल झाला ओसीटी (ऑप्टिकल कोहेरन्स टोमोग्राफी) या तपासणीमुळे. १९९१ मध्ये 'सायन्स' मासिकात हुआंग, फुजिमोटो आणि सहकाऱ्यांचा लेख आला, १९९६ मध्ये मशीन बाजारात आलं, आणि २००६ च्या आसपास स्पेक्ट्रल डोमेन प्रकार आल्यावर वेग आणि बारकावा दोन्ही वाढले. प्रकाश आत टाकायचा, वेगवेगळ्या थरांवरून परत येताना तो किती मागेपुढे येतो ते मोजायचं आणि त्यावरून पडद्याचा उभा छेद काढायचा, सुई नाही, कापाकाप नाही, काही सेकंदांत काम होतं. साधारण पाच मायक्रॉनपर्यंतचा फरक दिसतो, म्हणजे मॅक्युलाला सूज आलीये का, खाली पाणी साठलंय का, भोक पडलंय का हे पेशंटला फरक कळायच्या आधी कळतं. ओसीटी अँजिओग्राफी हे त्याचं पुढचं रूप, त्यात रंग न टोचता रक्तवाहिन्या दिसतात, पण गळती दिसत नाही, म्हणून फ्लुरोसिन पूर्ण सुटलेलं नाही.

मुंबईतला एक अभ्यास इथे सविस्तर घ्यायला हवा. वडाळ्याच्या आदित्य ज्योत हॉस्पिटलचे डॉ. एस. नटराजन आणि सहकाऱ्यांनी २०१८ मध्ये महापालिकेच्या दवाखान्यांत डायबेटिसच्या पेशंटच्या पडद्याचे फोटो मोबाइलला जोडलेल्या कॅमेऱ्याने काढले, काढणारे आरोग्यसेवक होते, डोळ्यांचे डॉक्टर नव्हेत, आणि त्याच मोबाइलमध्ये बसवलेल्या एआय प्रोग्रॅमने इंटरनेटशिवाय जागेवरच निकाल दिला. २०१९ मध्ये 'जामा ऑफ्थाल्मॉलॉजी'त हे छापून आलं. मोठ्या डॉक्टरकडे पाठवायलाच हवं असा आजार ओळखण्याची संवेदनशीलता (आजार असलेल्यांपैकी किती पकडले) १०० टक्के आणि विशिष्टता (आजार नसलेल्यांपैकी किती बरोबर सोडले) ८८.४ टक्के आली. सगळीकडे हा १०० चा आकडा फिरतो, पण तो नीट वाचला पाहिजे. तपासलेल्या २१३ जणांपैकी असा आजार असलेले १५ होते, ते पंधराही मशीनने पकडले, पण एवढ्या थोड्या लोकांवरून काढलेल्या आकड्याची खालची मर्यादा ७८.२ टक्क्यांपर्यंत येते हे त्याच अहवालात दिलंय. उरलेल्या १९८ पैकी २३ जणांना मशीनने उगाच पुढे पाठवायला सांगितलं. आणि अगदी सौम्य आजारही धरला तर संवेदनशीलता ८५.२ टक्के आहे. तरी या अभ्यासाचं मोल मोठं आहे, कारण दवाखान्यात शुगरच्या गोळ्या घ्यायला आलेल्या बाईला वेगळा खाडा न करता त्याच खेपेत पडद्याची तपासणी करून मिळते, आणि अशाच लोकांपर्यंत ही तपासणी पोचत नव्हती.

त्याआधी २०१६ मध्ये गूगलच्या टीमने १,२८,१७५ फोटोंवर शिकवलेल्या प्रोग्रॅमचा लेख आला होता, त्यात भारतातल्या अरविंद आणि शंकर नेत्रालय या संस्थांचा सहभाग होता. अमेरिकेत डॉक्टरशिवाय स्वतः निकाल देणाऱ्या आयडीएक्स-डीआर या यंत्रणेला एप्रिल २०१८ मध्ये परवानगी मिळाली.

आजार किती पसरलाय याबद्दल स्मार्ट इंडिया या २०२२ च्या अभ्यासाचा आकडा जास्त भरवशाचा वाटतो: डायबेटिस असलेल्यांमध्ये १२.५ टक्क्यांना रेटिनोपथी आणि ४ टक्क्यांना नजर जाऊ शकेल असा प्रकार. मुंबईच्या झोपडपट्ट्यांतल्या पाहणीत हे प्रमाण सुमारे १५ टक्के आलं. टाइप २ डायबेटिस कळला त्याच वेळी आणि नंतर दरवर्षी थेंब टाकून पडदा तपासावा, चष्म्याचा नंबर काढला म्हणजे पडदा तपासला असं होत नाही.

उपचार

आधी लेझर होतं. जर्मनीत गेर्ड मायर-श्विकराथ यांनी १९४० च्या दशकाच्या शेवटी प्रकाशाने पडदा भाजायचं तंत्र सुरू केलं, पुढे अमेरिकेतल्या दोन मोठ्या चाचण्यांनी (डीआरएस १९७६, ईटीडीआरएस १९८५) डायबेटिसमध्ये लेझरने नजर वाचते हे पक्कं केलं. वाचते म्हणजे आहे ती टिकते, गेलेली सहसा परत येत नाही.

परत येऊ शकते हे डोळ्यात द्यायच्या इंजेक्शनांनी दाखवलं. आयझॅक मायकेलसन यांनी १९४८ मध्येच अंदाज बांधला होता की रक्त कमी पडलेला, उपाशी पडदा कुठलातरी पदार्थ सोडतो आणि त्याने नको त्या रक्तवाहिन्या उगवतात, १९८९ मध्ये नेपोलियोन फेरारा यांनी व्हीईजीएफ हे रक्तवाहिन्या वाढवणारं प्रथिन वेगळं काढलं आणि १९९४ मध्ये एयेलो व सहकाऱ्यांना ते डायबेटिक डोळ्यांतल्या द्रवात सापडलं. त्याला अडवणारं रॅनिबिझुमॅब हे औषध २००६ मध्ये आलं. मरीना चाचणीत ओल्या एएमडीच्या (ज्यात पडद्याखाली नको त्या रक्तवाहिन्या उगवून गळतात) पेशंटना दर महिन्याला ते दिलं तर सुमारे ९५ टक्के लोकांची नजर टिकली, इंजेक्शन न दिलेल्यांमध्ये ६२ टक्के, आणि पूर्ण डोस घेतलेल्या एक तृतीयांश लोकांना तक्त्यावर १५ किंवा जास्त अक्षरं अधिक वाचता आली. याआधी या आजारात असं काही कोणी पाहिलं नव्हतं.

पण औषध महाग. त्याच कंपनीचं बेव्हॅसिझुमॅब, म्हणजे अवास्टिन, आतड्याच्या कॅन्सरसाठी २००४ मध्ये मंजूर झालेलं, ते २००५ मध्ये मायामीच्या फिलिप रोझेनफेल्ड यांनी डोळ्यात देऊन पाहिलं. एका बाटलीत ४ मिलिलीटर औषध, डोळ्याला लागतं ०.०५ मिलिलीटर, त्यामुळे एका बाटलीत बऱ्याच पेशंटचं भागतं आणि खर्च एकदम खाली येतो. डोळ्यासाठी परवानगी नाही म्हणून वाद झाला, तो २०११ च्या कॅट चाचणीने बराच मिटवला: वर्षभर दर महिन्याला दिल्यावर अवास्टिनने सरासरी ८ अक्षरं वाढली, रॅनिबिझुमॅबने ८.५. धोका औषधात कमी आणि बाटलीतून भाग काढताना जंतू शिरण्यात जास्त आहे. गुजरातमध्ये काही पेशंटच्या डोळ्यांत इन्फेक्शन झाल्यावर जानेवारी २०१६ मध्ये आपल्या औषध नियंत्रकांनी डोळ्यात वापर थांबवायचा इशारा काढला होता, नेत्रतज्ज्ञांच्या संघटनांनी बाजू मांडल्यावर तो मागे घेतला गेला. त्याच्या आदल्याच वर्षी रॅनिबिझुमॅबचं जगातलं पहिलं बायोसिमिलर (मूळ जैविक औषधाशी मिळतंजुळतं औषध), इंटास कंपनीचं रेझुमॅब, भारतात आलं होतं.

डायबेटिसच्या मॅक्युला-सुजेत कुठलं औषध चांगलं? प्रोटोकॉल टी (२०१५) ही चाचणी म्हणते की नजर बरीच खाली गेली असेल तर अफ्लिबरसेप्ट हे व्हीईजीएफ अडवणारं तिसरं औषध सरस, नजर ठीक असेल तर तिन्ही सारखीच. २०२२ च्या प्रोटोकॉल एसी चाचणीत आधी अवास्टिन देऊन, पुरेसा फरक नाही पडला तरच अफ्लिबरसेप्टवर नेलं, तर दोन वर्षांनी निकाल सारखाच. खिशाचा विचार करावा लागणाऱ्या पेशंटसाठी या सगळ्यात हीच चाचणी सर्वात कामाची आहे असं या नोंदीचं मत.

आता त्याहून कळीचा मुद्दा. चाचण्यांमधले पेशंट वेळेवर येतात, बाहेरचे येत नाहीत, कारण कोणीतरी सोबत लागतं, थेंब टाकल्यावर काही तास धूसर दिसतं, रोजंदारी बुडते, कल्याण-विरारहून परळपर्यंत गर्दीत यायचं असतं. मरीना आणि अँकर चाचण्यांतल्या काही पेशंटना सात-आठ वर्षांनी परत तपासलं (सेव्हन-अप, २०१३) तर सुरुवातीच्या नजरेपेक्षाही सरासरी ८.६ अक्षरं कमी झाली होती, आणि चाचणी संपल्यावर इंजेक्शनं कमी झाली हे त्याचं एक कारण मानलं जातं. डायबेटिसमध्ये नव्या रक्तवाहिन्या फुटणाऱ्या टप्प्यावर इंजेक्शन लेझरइतकंच चांगलं आहे असं प्रोटोकॉल एस (२०१५) या चाचणीने दाखवलं खरं, पण २०१९ मध्ये ओबेद आणि सहकाऱ्यांनी सहा महिन्यांहून जास्त गायब झालेल्या पेशंटचा हिशोब मांडला, तर फक्त इंजेक्शन घेतलेल्या ३० डोळ्यांपैकी १० मध्ये पडदा ओढून सुटला होता, लेझर घेतलेल्या ४६ पैकी एकात. म्हणजे ज्याचं परत येणं खात्रीचं नाही त्याला जुनं लेझरच जास्त सांभाळतं. दुखणं कमी वाटलं म्हणून मधली तारीख सोडायची नाही, आणि सोडावी लागणार असेल तर डॉक्टरांना आधी सांगायचं, म्हणजे उपचार त्या बेताने ठरवता येतो.

नवी औषधं याच अडचणीवर आहेत. फॅरिसिमॅब (२०२२) व्हीईजीएफबरोबर अँजिओपोएटिन-२ या दुसऱ्या प्रथिनालाही अडवतं, काही पेशंटमध्ये १६ आठवड्यांपर्यंत अंतर ठेवता येतं, ८ मिलिग्रॅमचं अफ्लिबरसेप्ट (२०२३) तसंच. ब्रोल्युसिझुमॅबही जास्त टिकायचं पण २०२० मध्ये काही जणांच्या पडद्याच्या रक्तवाहिन्यांना सूज आल्याचं दिसल्यावर डॉक्टर जपून वापरतात.

कोरडा एएमडी आणि इतर

कोरड्या प्रकाराच्या (ज्यात गळती नसते, मॅक्युला हळूहळू झिजत जातो) शेवटच्या टप्प्यावर पेगसेटाकोप्लान आणि अव्हासिनकॅप्टाड या औषधांना अमेरिकेने २०२३ मध्ये मान्यता दिली, झीज पसरण्याचा वेग थोडा कमी होतो पण नजर सुधारत नाही, आणि युरोपने पेगसेटाकोप्लानला नकार दिला. २०२५ मध्ये प्रिमा या २ मिलिमीटरच्या चिपचा अहवाल आला, पडद्याखाली चिप आणि डोळ्यावर कॅमेऱ्याचा चष्मा, वर्ष पूर्ण केलेल्या ३२ पैकी २६ जणांना अक्षरं वाचण्यात ठळक फरक पडला. अनुवंशिक आजारांत आरपीई६५ जनुकातल्या दोषासाठी २०१७ पासून जीन थेरपी आहे, बाकी जनुकांवर काम चालू आहे.

आशियाई लोकांत पीसीव्ही (पडद्याखालच्या रक्तवाहिन्यांना फुगे येणं) हा प्रकार बराच दिसतो, तो एएमडीचाच उपप्रकार की वेगळा आजार यावर दोन मतं आहेत, उपचाराच्या दृष्टीने मात्र त्याला वेगळं ओळखणं गरजेचं, कारण त्यात इंजेक्शनबरोबर फोटोडायनॅमिक थेरपीचा (शिरेतून औषध देऊन ते डोळ्यात लेझरने चेतवायचं) फायदा एव्हरेस्ट २ (२०१७) चाचणीत दिसला. मॅक्युलाला पडलेलं भोक ऑपरेशनने बुजवता येतं, केली आणि वेंडेल यांनी १९९१ मध्ये ते दाखवलं. संधिवातासाठी हायड्रॉक्सिक्लोरोक्विन घेणाऱ्यांनी डोस वजनाच्या किलोमागे रोज ५ मिलिग्रॅमच्या आत ठेवावा आणि पडदा तपासत राहावं. घरी एक एक डोळा झाकून चौकोनांचा ॲम्सलर तक्ता बघावा, तक्ता नसेल तर बाथरूमच्या टाइल्सच्या रेघाही चालतात, त्या वाकड्या दिसल्या किंवा मधे डाग दिसला तर त्याच आठवड्यात पडद्याच्या डॉक्टरकडे जावं.

अपुऱ्या दिवसांच्या बाळांचा आजार, आरओपी, हा स्वतंत्र नोंदीचा विषय, इथे एवढंच की ३४ आठवड्यांच्या आत जन्मलेल्या किंवा २००० ग्रॅमपेक्षा कमी वजनाच्या बाळाचा पडदा जन्मानंतर ३० दिवसांच्या आत तपासून घ्यावा लागतो.