बोन स्कॅन आणि पेट-सीटी: इंजेक्शन दोन्हींत, तयारी वेगळी

बोन स्कॅन (हाडांची तपासणी) आणि पेट-सीटी (कॅन्सर शरीरात कुठं आहे ते बघणारी तपासणी) या दोन्हींत शिरेतून किरणोत्सारी औषध टोचतात, थांबवून ठेवतात आणि फिल्मवर काळे डाग दिसतात. म्हणून घोळ होतो. खानापूर-अथणीकडून पहाटेच्या बसनं आलेला रुग्ण बोन स्कॅनला विनाकारण उपाशी येतो, आणि पेट-सीटीला मात्र स्टँडवर गोड चहा पिऊन. ही दुसरी चूक महागात पडते.

बोन स्कॅनचं औषध (टेक्नेशियम-९९एम एमडीपी) हाड जिथं नव्यानं घडतंय तिथं बसतं. जेवण चालतं. टोचल्यावर साधारण ३ तास थांबायचं, भरपूर पाणी प्यायचं, लघवी करून गामा कॅमेऱ्याखाली झोपायचं. स्तनाचा किंवा प्रोस्टेटचा कॅन्सर हाडांत पोचलाय का, हे त्यात चांगलं कळतं. मायलोमा (अस्थिमज्जेतल्या पेशींचा कॅन्सर) मात्र हाड नुसतं पोखरतो, त्यामुळे तो बऱ्याचदा निसटतो. झिजलेला गुडघा, जुनं फ्रॅक्चरही काळं दिसतं; कधी पडला असाल तर आधीच सांगा.

पेट-सीटीत बहुधा एफडीजी देतात. ते साखरेसारखं असतं आणि कॅन्सरच्या पेशी ते जास्त ओढून घेतात. खाल्लं की इन्सुलिन वाढतं आणि औषध गाठीऐवजी स्नायूंत जातं. म्हणून किमान ४ ते ६ तास उपाशी. साधं पाणी चालतं. रक्तातली साखर २०० मिलिग्रॅमच्या वर असली तर बहुतेक ठिकाणी तपासणी पुढे ढकलतात. मधुमेहाची औषधं मनानं बंद करू नका, नेहमीसारखी घेऊनही येऊ नका. तारीख घेतानाच विचारा, कारण मेटफॉर्मिन या मधुमेहाच्या गोळीनं आतडं काळं दिसतं. आदल्या दिवशी शेतातलं जड काम नको. बेळगावच्या थंडीत स्वेटर घालूनच या: कुडकुडलं की मानेजवळची चरबी औषध ओढते आणि गाठीचा भास होतो. टोचल्यावर तासभर न बोलता पडून राहायचं. तोंडाच्या कॅन्सरच्या रुग्णानं तर त्या वेळी तंबाखू, सुपारी काहीच चघळू नये. जबड्याचे स्नायू काळे दिसतात, आणि डॉक्टरांना बघायचा असतो नेमका तोच भाग.

वेळही पाळा. एफडीजी ११० मिनिटांत निम्मं होतं, टेक्नेशियमला ६ तास लागतात. पेट-सीटीला बस चुकली तर तुमचा डोस वाया जाऊ शकतो.

आपल्याकडे क्षय बराच आहे, आणि क्षयाच्या गाठीही पेट-सीटीत कॅन्सरसारख्याच दिसतात. अशा वेळी डॉक्टरांनी बायोप्सीचा (गाठीचा तुकडा काढून तपासण्याचा) आग्रह धरला तर त्याला घाबरू नका. केमो किंवा रेडिएशननंतर लगेच केलेला पेटही फसवतो. केमोनंतर २-३ आठवडे, रेडिएशननंतर साधारण ३ महिने थांबतात. त्या तारखांचे कागद आणि जुन्या स्कॅनची सीडी सोबत ठेवा.