चाळिशीतला क्वार्टरबॅक आणि दीडशे मिलिसेकंद

2009 च्या हंगामात अमेरिकन फुटबॉलमधला क्वार्टरबॅक ब्रेट फार्व्ह चाळीस वर्षांचा झाला आणि त्याच हंगामात त्याने आयुष्यातला सर्वांत नेटका खेळ केला. मिनेसोटा वायकिंग्जकडून 4,202 यार्डांचे पास, 33 टचडाउन (चेंडू शेवटच्या रेषेपार पोचवणं), आणि इंटरसेप्शन, म्हणजे चेंडू प्रतिस्पर्ध्याच्या हातात जाणं, फक्त 7 वेळा. पुढच्या हंगामात 11 टचडाउन आणि 19 इंटरसेप्शन. माणूस तोच, हात तोच, जर्सीसुद्धा तीच.

त्याच्या निवृत्तीचा घोळ अमेरिकेत खूप गाजला. मार्च 2008 मध्ये त्याने डोळ्यांत पाणी आणून खेळ सोडला आणि ऑगस्टमध्ये तो न्यू यॉर्क जेट्सकडून उतरला. फेब्रुवारी 2009 मध्ये पुन्हा निवृत्ती, ऑगस्टमध्ये वायकिंग्जशी करार. 2010 च्या ऑगस्टमध्ये तर संघातले तिघे सहकारी विमानाने मिसिसिपीला गेले आणि त्याला परत घेऊन आले. लोकांनी त्याला धरसोड वृत्तीचा ठरवलं. तो अन्याय होता असं आम्हाला वाटतं. चाळिशीतल्या क्वार्टरबॅकचं शरीर उतरत असतं आणि खेळाची समज चढत असते. मैदानावर दिसते ती या दोन्हींची बेरीज, आणि ती बरीच वर्षं सपाट राहते. आपण उताराला लागलो आहोत हे त्या बेरजेत शोधून सापडत नाही.

हा खेळ आपल्याकडे फारसा पाहिला जात नाही, म्हणून थोडक्यात. आक्रमक संघाला 4 प्रयत्नांत 10 यार्ड, म्हणजे 9 मीटरहून किंचित जास्त, पुढे सरकायचं असतं. जवळजवळ प्रत्येक प्रयत्नात चेंडू आधी क्वार्टरबॅककडे येतो. शंभर-सव्वाशे किलोंचे चार-पाच जण त्याला पाडायला येत असतात आणि त्याच्याकडे साधारण अडीच सेकंद असतात. तेवढ्यात मोकळा सहकारी शोधायचा आणि चेंडू फेकायचा. हा चेंडू 397 ते 425 ग्रॅमचा असतो, क्रिकेटच्या चेंडूच्या अडीचपट जड.

आता एक फेक मोजून पाहू. मैदान 48.8 मीटर रुंद आहे. खेळ डावीकडच्या खुणेवरून सुरू झाला आणि सहकारी उजव्या कडेला आहे असं धरा. तो सरळ 15 यार्ड धावतो आणि काटकोनात वळून बाहेरच्या रेषेकडे जातो. क्वार्टरबॅक 7 यार्ड मागे उभा आहे. आडवं अंतर सुमारे 27 मीटर, उभं 20 मीटर, म्हणजे चेंडूचा तिरका प्रवास साधारण 34 मीटरचा. ताशी 90 किलोमीटर, म्हणजे सेकंदाला 25 मीटर वेगाने फेकला, तर हवेचा अडथळा सोडून 1.36 सेकंद लागतात. वेग 10 टक्क्यांनी घटला तर 1.51 सेकंद. फरक दीडशे मिलिसेकंदांचा. पण मागून झेपावणारा बचावपटू सेकंदाला 8 मीटर धावत असेल, तर तेवढ्या वेळात तो 1.2 मीटर पुढे येतो. तरुणपणी सहकाऱ्याच्या छातीवर पोचणारा पास आता बचावपटूच्या बोटांना लागतो.

हा वेग का घटतो? स्नायूंत संथ आणि वेगवान असे दोन प्रकारचे तंतू असतात. वय वाढतं तसे वेगवान तंतू बारीक होतात आणि त्यांना चालवणारे चेतातंतूही हळूहळू कमी होतात. त्यामुळे वजन उचलण्याची ताकद बरीच टिकते, पण तीच ताकद झटक्यात लावण्याची क्षमता आधी जाते. व्यायामशाळेत चाळिशीचा खेळाडू पंचविशीच्या बरोबरीने बेंच प्रेस मारतो आणि त्याला वाटतं की काही बिघडलेलं नाही. फेकीत दंड स्वतःभोवती सेकंदाला सुमारे 5,000 अंशांच्या वेगाने फिरतो. तो वेग टिकला असता तर सेकंदाला जवळजवळ 14 फेऱ्या झाल्या असत्या. इतक्या वेगाबद्दल बेंच प्रेसवरून काहीच कळत नाही.

शिवाय वेग एकट्या हातातून येत नाही. टेनिसच्या सर्व्हिसच्या अभ्यासांत निम्म्याहून थोडी जास्त गतिज ऊर्जा पाय आणि धडातून आलेली दिसते, आणि चेंडू फेकण्याची साखळीही तशीच आहे: पाऊल, कंबर, धड, खांदा, कोपर, मनगट. पाऊल नीट रोवलं नाही की पुढची प्रत्येक कडी उशिरा येते आणि उरलेला भार खांदा उचलतो. 2015 मध्ये क्वार्टरबॅक पेटन मॅनिंगच्या तळपायाचा पट्टा फाटला होता. 2013 मध्ये 5,477 यार्ड आणि 55 टचडाउनचा विक्रम करणाऱ्या या माणसाने त्या वर्षी 9 टचडाउन आणि 17 इंटरसेप्शन दिले. पायाच्या दुखण्याला किरकोळ समजणं ही वयस्क क्वार्टरबॅकची नेहमीची चूक. पायाकडे दुर्लक्ष झालं की महिन्याभराने खांदा दुखतो आणि सगळे उपचार खांद्यावर चालतात.

खांद्याची रचनाही तशी नाजूक. दंडाच्या हाडाचा गोळा उथळ खळग्यात असतो, बशीत ठेवलेल्या लिंबासारखा. त्याला मधोमध धरून ठेवतात ते रोटेटर कफचे चार छोटे स्नायू. चेंडू सुटल्यावर क्षणात हात थांबवायचा असतो आणि ब्रेकचं मुख्य काम मागच्या बाजूच्या छोट्या स्नायूंवर येतं. छातीचे मोठे स्नायू वयाबरोबर फारसे खचत नाहीत, हे छोटे लवकर थकतात. मग गोळा पुढे सरकतो आणि समोरून जाणारी बायसेप्सची कंडरा (स्नायूला हाडाशी जोडणारा दोर) घासली जाते. म्हणून या स्नायूंचा व्यायाम एक ते अडीच किलोच्या वजनाने किंवा रबरी पट्ट्याने, 15-20 आवर्तनांनी, हळू परत येत करायचा असतो. वजन वाढवलं की काम वरचा मोठा डेल्टॉइड स्नायू ओढून घेतो आणि ज्यांच्यासाठी व्यायाम केला ते स्नायू तसेच राहतात.

फार्व्हची हीच कंडरा 2008 मध्ये अर्धवट फाटली होती. जेट्स 11 पैकी 8 सामने जिंकून बसले होते, आणि शेवटच्या 5 सामन्यांत त्याने 2 टचडाउन आणि 9 इंटरसेप्शन दिले. मे 2009 मध्ये शस्त्रक्रियेत ती कंडरा शिवण्याऐवजी कापून मोकळी केली गेली. बायसेप्सचं हे लांब टोक फेकीच्या ताकदीत फार भर घालत नाही, फाटलेलं असलं तर वेदना मात्र देतं. ते सुटलं, वेदना गेली आणि पुढचा हंगाम त्याच्या आयुष्यातला सर्वोत्तम ठरला. आता त्याच्या जागी बसून विचार करा. 39 व्या वर्षी हात संपला असं वाटलं आणि 40 व्या वर्षी कळलं की तो एका कंडरेचा प्रश्न होता. मग 41 व्या वर्षीची दुखणी त्याच जातीची नाहीत, हे त्याने कशावरून ओळखायचं?

कंडरांबद्दल एक फार सुंदर शोध आहे. 1950-60 च्या दशकांत वातावरणात झालेल्या अणुचाचण्यांमुळे हवेतला कार्बन-14 वाढला आणि त्या काळात शरीरात तयार झालेल्या उतींमध्ये त्याचा ठसा राहिला. 2013 मध्ये डॅनिश संशोधकांनी टाचेमागच्या अकिलीस कंडरेत तो मोजला. कंडरेचा गाभा आयुष्याच्या पहिल्या सुमारे 17 वर्षांत घडतो आणि पुढे जवळपास बदलला जात नाही, असं निघालं. म्हणजे चाळिशीतला खेळाडू शाळकरी वयात तयार झालेल्या दोरावर उभा असतो. क्वार्टरबॅक अ‍ॅरन रॉजर्सची अकिलीस कंडरा 11 सप्टेंबर 2023 ला नव्या संघाकडून अवघ्या चौथ्या खेळीत तुटली, तेव्हा तो 39 वर्षांचा होता. पुढच्या हंगामात तो परतला खरा, पण तुटलेली कंडरा जुळते ती व्रणासारख्या ऊतीने. पहिल्यासारखी वीण पुन्हा येत नाही.

हे सगळं होत असताना दुसरी बाजू वर जात असते. हेल्मेटमधल्या रेडिओवरून प्रशिक्षक खेळी सांगतो आणि घड्याळात 15 सेकंद उरले की तो रेडिओ बंद होतो. पुढचं सगळं क्वार्टरबॅकच्या डोक्यात. मागे एक रक्षक आहे की दोन, कोणाचं वजन पुढच्या पायावर आहे, कोण धावून येण्याचं नुसतं सोंग करतो आहे, हे वाचून तो ओरडून खेळी बदलू शकतो. साधी प्रतिक्रिया विशीच्या मध्यापासून मंदावू लागते, पण हे वाचन हजारो खेळींच्या साठ्यातून येतं आणि तो साठा वाढतच जातो. (जवळचं दिसणं कमी होतं ते वेगळं. मराठीत चष्म्यालाच चाळिशी म्हणतात, आणि क्वार्टरबॅकच्या मनगटावरच्या पट्टीतली खेळींची यादी बारीक अक्षरांत असते.) हातातून गेलेले दीडशे मिलिसेकंद तो डोक्याने भरून काढतो: सहकारी वळायच्या आधीच चेंडू सोडतो. बाहेरून पाहणाऱ्याला फरक कळत नाही. त्याला स्वतःलाही कळत नाही, कारण तो हे ठरवून करत नसतो.

या भरपाईला मर्यादा आहेत. वळणाआधी सोडलेला चेंडू परत बोलावता येत नाही. बचावपटूने चकवलं तर थेट इंटरसेप्शन. आणि असा अंदाज सहकाऱ्याबरोबर शेकडो वेळा फेकूनच बसतो. इथे खरा पेच आहे. सामना रविवारी, मुख्य सराव बुधवार-गुरुवारी. पस्तिशीपुढे अंग सावरायला वेळ लागतो, म्हणून अनुभवी खेळाडूंना बुधवारी विश्रांती देतात. विश्रांतीने खांदा वाचतो, पण ज्या जुळणीच्या जोरावर दीडशे मिलिसेकंद परत मिळवायचे, तीच जुळणी कच्ची राहते. उतार सुरू झाला की तो एकदम कोसळल्यासारखा दिसतो, त्याचं एक कारण हे.

मज्जातंतूची दुखापत तर भरून काढता येतच नाही. मानेच्या दुखण्यामुळे मॅनिंगच्या उजव्या हाताचा ट्रायसेप्स दुबळा झाला, बोटांच्या टोकांची संवेदना गेली आणि 2011 चा पूर्ण हंगाम बुडाला. दुखावलेला चेतातंतू दिवसाला साधारण 1 मिलिमीटर वाढतो. मानेपासून बोटांपर्यंतचं अंतर त्या हिशेबाने मोजा. त्यानंतरचे विक्रम त्याने मुख्यतः डोक्याने केले. शेवटी सुपर बोल, म्हणजे हंगामाचा अंतिम सामना, 24-10 असा जिंकून तो मार्च 2016 मध्ये, 39 व्या वर्षी, बाहेर पडला.

निर्णयाचा महिनाही घात करतो. हंगाम जानेवारीत संपतो तेव्हा अंगातला प्रत्येक सांधा सुजलेला असतो. जूनपर्यंत सूज उतरते, चेंडू पुन्हा मुठीतून सुरेख सुटू लागतो. दुखत नसताना दुखण्याची तीव्रता माणसाला नीट आठवत नाही, हे मानसशास्त्रात अनेकदा दिसलं आहे. आणि संघाला उत्तर हवं असतं ते मार्चच्या मध्यावर, कारण तेव्हा लीगचं नवं आर्थिक वर्ष सुरू होतं. क्वार्टरबॅक टॉम ब्रेडीने 1 फेब्रुवारी 2022 ला निवृत्ती जाहीर केली आणि 13 मार्चला ती मागे घेतली, नवं वर्ष सुरू व्हायच्या तीन दिवस आधी.

मग पाहायचं काय? इंटरसेप्शनची संख्या फसवी आहे. हंगामात 10 अपेक्षित असतील तर नुसत्या योगायोगाने 7 किंवा 13 होऊ शकतात. लांब पास तर वर्षाला पन्नास-साठच. त्यापेक्षा चेंडूचा वेग मोजावा. 2017 पासून एनएफएलच्या, म्हणजे या खेळाच्या व्यावसायिक लीगच्या, चेंडूंत चिप असते. एकाच प्रकारच्या फेकीचा सप्टेंबरचा आणि डिसेंबरचा वेग शेजारी ठेवावा, सरावातल्या पहिल्या दहा आणि शेवटच्या दहा फेकींचाही. दोन्ही खांद्यांची एकूण फिरण्याची कक्षा मोजावी. बेसबॉलच्या पिचरांमध्ये फेकीच्या हाताची कक्षा 5 अंशांहून जास्त कमी असेल तर ती धोक्याची खूण मानतात. आणि रविवारनंतर वेग मूळ पातळीवर कितव्या दिवशी येतो ते लिहून ठेवावं. बुधवारचा गुरुवार आणि गुरुवारचा शुक्रवार झाला की ती खरी बातमी. या नोंदी नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये, खेळत असतानाच व्हायला हव्यात.

डोक्याचा हिशेब मात्र या मोजमापात येत नाही आणि तो सर्वांत महाग आहे. हेल्मेट कवटी वाचवतं, आतला मेंदू हलायचा थांबत नाही. वारंवारच्या धक्क्यांमुळे होणाऱ्या सीटीई या मेंदूविकाराचं खात्रीचं निदान आजही मृत्यूनंतरच होतं. 2017 मध्ये बॉस्टन विद्यापीठाने एनएफएलच्या 111 माजी खेळाडूंचे मेंदू तपासले, 110 मध्ये तो आढळला. हे दान केलेले मेंदू होते, बहुतेकदा शंका आल्यामुळे, त्यामुळे हे प्रमाण सर्व खेळाडूंना लावता येत नाही. पण त्याच गटाच्या नंतरच्या अभ्यासात अमेरिकन फुटबॉल खेळलेल्या प्रत्येक वर्षामागे हा विकार असण्याची शक्यता सुमारे 30 टक्क्यांनी वाढलेली दिसली. 'आणखी एकच हंगाम' म्हणताना हा आकडा समोर असायला हवा. फार्व्हचा सलग 297 सामन्यांचा विक्रम डिसेंबर 2010 मध्ये खांद्यामुळे तुटला. आठवड्याने तो पुन्हा उतरला, गोठलेल्या मैदानावर डोकं आपटलं, आणि ती त्याची शेवटची खेळी ठरली.

ब्रेडी 2022 च्या हंगामात मैदानावर परतला तेव्हा 45 वर्षांचा झाला होता. त्या हंगामात त्याने 733 पास फेकले, तोपर्यंत एका हंगामात कोणी फेकले नव्हते इतके. आधीच्या वर्षी 719 फेकींत 5,316 यार्ड आणि 43 टचडाउन होते. आता 4,694 यार्ड आणि 25 टचडाउन. संरक्षक फळीत दुखापती होत्या, धावून चेंडू नेणारा खेळ जवळजवळ बंद पडला होता, त्यामुळे यातलं किती वयाचं आणि किती संघाचं हे आजही सांगता येणार नाही. पण दर फेकीमागे मिळणारं अंतर 7.4 यार्डांवरून 6.4 वर आलं होतं. 1 फेब्रुवारी 2023 ला, पहिल्या निवृत्तीला बरोबर एक वर्ष झालं त्या दिवशी, त्याने समुद्रकिनाऱ्यावरून एक मिनिटभराचासुद्धा नसलेला व्हिडिओ टाकला आणि या वेळी कायमचं, असं सांगितलं.