पारखणारा वेगळा, घेणारा वेगळा

तावून-सुलाखून घेणं, कसाला लागणं, हिणकस, बावनकशी. हे शब्द आपण माणसांबद्दल, मैत्रीबद्दल, लेखनाबद्दल सर्रास वापरतो, पण मुळात ते धातू पारखणाऱ्यांचे आहेत. तावणं म्हणजे आगीत घालून पाहणं. सुलाखणं म्हणजे भोक पाडून आतला धातू वरच्यासारखाच आहे का ते बघणं. ‘निकष’ म्हणजे तर कसोटीचा दगडच. या सगळ्या शब्दांत शुद्धता आहे. किंमत कुठेच नाही. दागिन्याच्या मूल्यांकनाचा इतिहास समजून घ्यायचा तर हा फरक आधी लक्षात घ्यावा लागतो. धातू किती शुद्ध, खडा नेमका कोणता आणि या सगळ्याचे पैसे किती, हे तीन वेगवेगळे प्रश्न आहेत. त्यांची उत्तरं वेगवेगळ्या काळात, वेगवेगळ्या लोकांनी शोधली. आजही अनेक जण शुद्धतेचा शिक्का किंवा हिऱ्याचं प्रमाणपत्र हातात धरून ‘किंमत तर यातच आली’ असं समजतात. ती त्यात आलेली नसते.

कसोटीच्या दगडाची पद्धत साधी आहे. काळ्या, बारीक कणांच्या दगडावर सोनं घासायचं आणि उमटलेली रेघ माहीत असलेल्या कसाच्या रेघेशी ताडून पाहायची. ग्रीक विद्वान थिओफ्रास्टस याने दोन हजारांहून अधिक वर्षांपूर्वी अशा दगडाचं वर्णन केलं आहे. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात तर या विषयावर बारीक तपशील आहेत, आणि त्यातला एक मला फार महत्त्वाचा वाटतो. तिथे कसोटीच्या दगडाचे प्रकार सांगताना एका प्रकाराला ‘विक्रयहित’ म्हटलं आहे, दुसऱ्याला ‘क्रयहित’. एका दगडावर सोन्याचा रंग खुलतो, तो विकणाऱ्याच्या फायद्याचा. दुसऱ्यावर खुलत नाही, तो घेणाऱ्याच्या फायद्याचा. सोनं तेच, दगड बदलला की कस बदलला. मग दगड कोणाच्या हातात आहे, हा प्रश्न आलाच. दागिने पारखण्याच्या पुढच्या सगळ्या वाटचालीत हाच प्रश्न पुन्हा पुन्हा समोर येतो.

इंग्लंडमध्ये १३०० साली पहिल्या एडवर्ड राजाने कायदा केला की चांदीची वस्तू ठरलेल्या कसाची असल्याचं तपासल्याशिवाय आणि तिच्यावर बिबट्याच्या मुखाचा शिक्का बसल्याशिवाय ती कारागिराच्या हातून जाऊ नये. सुरुवातीला सोनारांच्या संघाचे प्रमुख कारखान्यांत फिरून तपासणी करत. १४७८ च्या सुमारास हे उलटं झालं. पगारी परीक्षक नेमला गेला आणि माल लंडनच्या गोल्डस्मिथ्स हॉलमध्ये आणून तपासून घ्यावा लागू लागला. त्या हॉलमध्ये बसणारं चिन्ह म्हणून ‘हॉलमार्क’. आज हा शब्द रोजच्या बोलण्यात आहे, पण त्यामागची खरी घटना ही की तपासणारा माणूस बनवणाऱ्याच्या दुकानातून बाहेर पडला. तपासणीही दगडापुरती राहिली नाही. धातूचा छोटा नमुना शिशाबरोबर हाडांच्या राखेच्या मुशीत तापवला की शिसं आणि हीण मुशीत शोषलं जातं, आणि मागे उरतं ते सोनं-चांदी. अग्निपरीक्षेची ही पद्धत इतकी अचूक आहे की आधुनिक प्रयोगशाळांनीही ती सोडलेली नाही. क्ष-किरणांच्या यंत्राला नमुना काढावा लागत नाही, हे त्याचं मोठेपण. पण ते वरच्या अगदी पातळ थराचाच धातू वाचतं. जाड मुलामा दिलेल्या वस्तूबाबत जुन्या सुलाखणाऱ्याची शंका म्हणूनच आजही रास्त ठरते.

खड्यांचा प्रश्न याहून अवघड. वजनाची मापं बियांची होती, कुठे गुंज, कुठे कॅरोबचं बी. कॅरोबवरूनच ‘कॅरट’ शब्द आला. पण शहर बदललं की कॅरट बदलायचा. तो २०० मिलिग्रॅम असं आंतरराष्ट्रीय पातळीवर ठरायला १९०७ साल उजाडलं. खडा ओळखण्याच्या बाबतीत मात्र अकराव्या शतकातला विद्वान अल्-बिरुनी काळाच्या कितीतरी पुढे होता. खडा पाण्यात बुडवून किती पाणी बाहेर सांडतं ते मोजून त्याने रत्नांची आणि धातूंची सापेक्ष घनता काढली. ‘लाल’ हा खडा माणकापेक्षा मऊ आणि वेगळा, हेही त्याला ठाऊक होतं. ते ज्ञान सगळीकडे पोचलं नाही. ब्रिटिश राजमुकुटातलं ‘ब्लॅक प्रिन्सचं माणिक’ शतकानुशतकं माणिक म्हणून मिरवलं. प्रत्यक्षात ते स्पिनेल आहे, म्हणजे तोच ‘लाल’.

राजमुकुटातली चूक निभावून गेली, बाजारातली निभावेना. १९०२ मध्ये फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ ओगुस्त व्हेर्नय याने ज्योतीत वितळवून माणिक बनवण्याची पद्धत जाहीर केली. ते माणिक नकली काच नव्हतं, रासायनिकदृष्ट्या माणिकच होतं. पाठोपाठ जपानमधून मिकिमोतो या उत्पादकाचे संवर्धित, म्हणजे माणसाने शिंपल्यात मुद्दाम वाढवलेले, मोती युरोपात पोचले आणि मोत्यांच्या व्यापाऱ्यांची झोप उडाली. वर्षानुवर्षांच्या नजरेला फरक दिसेना. व्यापाराचा विश्वास टिकवायला १९२५ मध्ये लंडनमध्ये रत्नांची प्रयोगशाळा सुरू झाली. १९३१ मध्ये अमेरिकेत रॉबर्ट शिप्ली यांनी रत्नविद्येची संस्था, जीआयए, स्थापन केली. १९५० च्या दशकात रिचर्ड लिडिकोट यांच्या काळात तिथे हिऱ्याच्या रंगाची आणि निर्मळतेची श्रेणी पक्की झाली. रंगाची श्रेणी ‘डी’पासून सुरू होते, कारण ए, बी, सी ही अक्षरं व्यापाऱ्यांनी आपापल्या सोयीने वापरून गुळगुळीत करून टाकली होती. या संस्थेच्या अहवालात किंमत छापलेली नसते. हे मुद्दाम केलेलं आहे आणि मला ते अगदी योग्य वाटतं.

मग किंमत कोण सांगणार? सतराव्या शतकात ताव्हेर्निये या फ्रेंच जवाहिऱ्याने हिऱ्याचा भाव वजनाच्या वर्गाच्या (वजन गुणिले वजन) पटीत वाढतो, असा नियम नोंदवला होता. पण असे नियम व्यापाऱ्यांसाठी. त्रयस्थ माणसाने किंमत सांगण्याची गरज खरी वाढली ती गहाणामुळे. पंधराव्या शतकात इटलीत गरिबांना माफक दराने कर्ज देणाऱ्या ‘मोन्ते दि पिएता’ या तारण-संस्था उभ्या राहिल्या. तिथे आलेल्या वस्तूची किंमत ठरवायला माणूस लागायचाच. १७७७ मध्ये पॅरिसला अशीच संस्था निघाली. तिथे मूल्यांकन करणाऱ्याने वस्तूची किंमत जास्त लावली आणि लिलावात ती कमी पैशांत गेली, तर तूट त्याला भरावी लागे. साहजिकच तो हात आखडून आकडा लिहायचा. विमा कंपन्या आल्या तेव्हा गरज उलटी झाली. दागिना हरवला तर तसाच नवीन घ्यायला किती लागतील, हा प्रश्न पुढे आला आणि आकडा वर गेला. वारसाहक्काच्या वाटणीत त्या दिवशी खुल्या बाजारात काय आलं असतं ते विचारलं जातं. एकाच हाराच्या तीन किमती अशा निघतात आणि तिन्ही खऱ्या असतात. म्हणून मूल्यांकन कशासाठी हवं आहे, हे न विचारता आकडा सांगणाऱ्यावर मी तरी विसंबणार नाही.

अमेरिकेत १९८० च्या दशकात कर्जसंस्था कोसळल्या. मालमत्तेच्या फुगवलेल्या किमतींचाही त्यात हात होता. त्यातून १९८७ मध्ये मूल्यांकनाचे समान नियम तयार झाले. मुख्य विषय घरं-जमिनींचा असला तरी ते दागिन्यांसारख्या वैयक्तिक वस्तूंनाही लागू होतात. मेहनताना वस्तूच्या किमतीच्या टक्केवारीवर घ्यायचा नाही, हे बंधन त्यांत आहे. विक्रयहित दगड आणि टक्केवारीचा मेहनताना ही एकाच दुखण्याची दोन रूपं.

आणि किंमत कोणत्या तारखेची, हेही विचारावं लागतं. १९१७ मध्ये कार्तिए या जवाहिऱ्यांच्या पेढीने न्यूयॉर्कमधली आपली इमारत घेतली ती शंभर डॉलर आणि नैसर्गिक मोत्यांचा एक दुपदरी हार देऊन. त्या हाराची किंमत तेव्हा दहा लाख डॉलर धरली होती. मधल्या काळात संवर्धित मोती जगभर पसरले. १९५७ मध्ये तो हार लिलावात निघाला तेव्हा सुमारे दीड लाख डॉलर आले. मोती तेच होते, आणि अस्सलच होते.