सूर्यनमस्कार: मिरज, औंध आणि बेताचा आकडा

रथसप्तमी जवळ आली की साताऱ्यात सामुदायिक सूर्यनमस्कारांची तयारी सुरू होते. आकडा बहुतेक ठिकाणी ठरलेला, 108. तीन वर्षांपूर्वी मीही अशाच एका कार्यक्रमात उतरले. वय 52, सराव रोजच्या बारा नमस्कारांचा. साठाच्या पुढे छाती खाली टेकवताना उजव्या खांद्यातून कळ आली. बाकी सगळे चालू होते म्हणून मीही थांबले नाही. पुढे दोन महिने वेणी घालायला हात वर जाईना. हा आकडा आपल्याकडे इतका मोठा कसा झाला, हे मी तेव्हापासून वाचत आले आहे.

वाचताना वाट सातारा जिल्ह्यातल्या औंधला जाते. यमाईचा डोंगर आणि चित्रांचं संग्रहालय यांमुळे आपण ते गाव ओळखतो, पण सूर्यनमस्कारांचं आजचं रूप घरोघरी पोचलं ते तिथूनच. औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी (1868–1951) तरुणपणी युजीन सँडो या युरोपातल्या प्रसिद्ध पहिलवानाच्या पद्धतीचा व्यायाम करत. त्याची साधनं, पुस्तकं मागवून दहाएक वर्षं त्यांनी तो नेटाने केला. 1908 मध्ये मिरजेचे अधिपती बाळासाहेब पटवर्धन यांच्या सांगण्यावरून ते नमस्कारांकडे वळले. तेव्हा ते चाळिशीला टेकले होते आणि अंग आधीच कमावलेलं होतं. ही गोष्ट सहसा सांगितली जात नाही, आणि मला तीच महत्त्वाची वाटते.

नमस्कार त्यांनी शोधून काढले असं नाही. सूर्याची बारा नावं घेऊन नमस्कार घालण्याचं व्रत जुनंच होतं. समर्थ रामदास रोज 1200 नमस्कार घालत, असं परंपरा सांगते. त्यांच्या अकरा मारुतींपैकी चाफळ, मसूर, उंब्रज, शिराळा, बहे ही ठाणी आजच्या सातारा-सांगलीतलीच. भवानरावांनी त्या व्रताला रोजच्या व्यायामाची शिस्त लावली. दहा स्थिती ठरवल्या, प्रत्येकीचा श्वास ठरवला आणि संस्थानच्या शाळांमधून मुलामुलींना नमस्कार शिकवले. आटपाडी, कुंडल हे आजचे सांगलीकडचे भागही तेव्हा औंध संस्थानात होते. 1938 साली त्यांचं इंग्रजी पुस्तक लंडनमध्ये निघालं आणि नमस्कार साहेबाच्या देशातही जाऊन पोचले. वेदांचे अभ्यासक पंडित सातवळेकर 1918 पासून औंधलाच राहत होते. त्यांनीही आसनांवर लिहिलं, आणि शंभर वर्षांचं आयुष्य जगले.

मात्र हठयोगाच्या जुन्या ग्रंथांत सूर्यनमस्काराला स्थान नाही. त्यांतल्या ‘हठप्रदीपिके’त पंधरा आसनं आहेत, सूर्यनमस्कार त्यांत नाही. साधकाने शरीराला क्लेश देणाऱ्या गोष्टी टाळाव्यात, असं तो ग्रंथ सांगतो. त्यावरच्या एकोणिसाव्या शतकातल्या ‘ज्योत्स्ना’ या टीकाग्रंथात अशा क्लेशांचं उदाहरण म्हणून फार सूर्यनमस्कार घालणं आणि जड ओझी उचलणं ही दोन्ही शेजारी शेजारी दिली आहेत. आक्षेप नमस्काराला नाही, ‘बहु’ला, म्हणजे ‘फार’ला आहे. मूळ ग्रंथात प्राणायामाबद्दलही तेच: सिंह, हत्ती, वाघ जसे हळूहळू वश होतात तसा श्वास वश करावा, नाही तर तो साधकालाच मारतो.

औंधच्या पद्धतीत प्रत्येक नमस्काराआधी ‘ह्रां’सारख्या बीजाक्षरासह मंत्र मोठ्याने म्हणायचा असे, ‘ॐ ह्रां मित्राय नमः’ इथपासून पुढे. आपण त्याकडे फक्त भक्ती म्हणून बघतो. मला तो लगामही वाटतो. सूर्याचं नाव नीट, पूर्ण उच्चारता येईल इतका दम परत आल्याशिवाय पुढचा नमस्कार सुरूच होत नाही. मी ज्या कार्यक्रमात होते तिथे मंत्र लाउडस्पीकरवर लावलेले होते. आम्ही कुणी तोंड उघडलं नाही, आणि स्पीकरला धाप लागत नाही.

खांदा बरा झाल्यावर ज्या बाईंकडे शिकायला गेले, त्यांनी पहिला आठवडाभर मला एकच स्थिती करायला लावली. आधी गुडघे टेकायचे, मग कोपरं बरगड्यांना लावून छाती खाली न्यायची. माझी कोपरं बाहेर फाकत आणि सगळा भार खांद्यावर येई. त्या शेजारी बसून दोन बोटांनी माझं कोपर आत ढकलायच्या. रक्तदाब, काचबिंदू, मणक्याचा त्रास असलेल्यांना आणि गरोदर बायकांना त्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय नमस्कार घालू देत नाहीत. नवीन माणसाला आठवड्याला दोनच वाढवून देतात.

आता मी रोज बारा घालते, रविवारी चोवीस, मंत्र स्वतः म्हणून. गेल्या रविवारी एकोणिसाव्याला ‘हिरण्यगर्भाय’ म्हणताना मध्येच दम तुटला. तिथेच सतरंजी गुंडाळली आणि चहा टाकला.