बराकीतली लस हॉस्टेलवर कशी आली

अमेरिकेत शिकायला निघालेल्या मुलाच्या घरी जून-जुलैत व्हिसाइतकीच धावपळ आणखी एका कागदाची असते. विद्यापीठाचा लसीकरणाचा फॉर्म. त्यात गोवर-गालगुंडाच्या आसपास ‘मेनिंगोकॉकल’ हा शब्द येतो आणि आई विचारते, ही कुठली लस? आपल्याकडच्या सरकारी वेळापत्रकात ती नाही, तेव्हा प्रश्न रास्तच. टेक्सासमध्ये तर २२ वर्षांखालच्या नव्या विद्यार्थ्याने, ठरावीक अपवाद सोडले तर, वर्ग सुरू होण्याच्या किमान १० दिवस आधी ती घेतलेली असावी असा कायदाच आहे.

ही लस एका प्रकारच्या मेंदूज्वरावरची. मेंदूज्वर म्हटलं की आपल्याला डासांमुळे होणारा जपानी मेंदूज्वर आठवतो. हा तो नव्हे. मेनिंगोकॉकस हा जीवाणू माणसाच्या नाकाघशात राहतो आणि बहुतेकांना काहीही करत नाही. एखाद्याच्या मात्र तो रक्तात शिरतो, मेंदूच्या आवरणापर्यंत पोचतो. मग सकाळी ‘फ्लू असेल’ म्हणून पांघरूण घेऊन पडलेला मुलगा रात्री आयसीयूत असतो. उपचार मिळूनही दहातला एखादा दगावतो. काही जण वाचतात, पण बोटं किंवा पाय गमावून.

लस मुळात विद्यार्थ्यांसाठी नव्हतीच. ती सैन्याची गरज होती. गावोगावची तरुण मुलं एका बराकीत झोपू लागली की हा रोग हमखास डोकं वर काढायचा. दुसऱ्या महायुद्धात सल्फाच्या जंतुनाशक गोळ्यांनी तो आवरला, पण १९६३ च्या सुमारास जंतू त्या गोळ्यांना दाद देईनात, आणि १९६४ मध्ये कॅलिफोर्नियातल्या फोर्ट ऑर्ड तळावर नव्या जवानांचं प्रशिक्षणच थांबवावं लागलं.

पुढचा प्रयोग मला या सगळ्या इतिहासात सर्वांत देखणा वाटतो. न्यू जर्सीतल्या फोर्ट डिक्सला १४,७४४ नव्या जवानांचं रक्त आधीच काढून ठेवलं. नंतर जे आजारी पडले त्यांतल्या ५४ जणांच्या नळ्या काढून तपासल्या. या जंतूचे कवचानुसार ‘ए’, ‘बी’, ‘सी’, ‘डब्ल्यू’ असे प्रकार आहेत. त्यांतल्या ‘सी’ला मारणारी प्रतिपिंडं (अँटिबॉडीज) या आजारी जवानांतल्या फक्त तिघांकडे होती. निरोगी राहिलेल्यांत ८२ टक्क्यांकडे. म्हणजे रक्तात ती प्रतिपिंडं आणून दिली की काम झालं. एमिल गॉत्शलिक आणि वॉल्टर रीड या अमेरिकी लष्कराच्या संशोधन संस्थेतल्या सहकाऱ्यांनी जंतूच्या साखरेच्या कवचापासून लस बनवली आणि १९७१ पासून अमेरिकी सैन्यात ती सरसकट सुरू झाली.

हॉस्टेल ही दुसरी बराकच, हे मोजून दाखवलं इंग्लंडमधल्या नॉटिंगहॅम विद्यापीठात. सत्राच्या पहिल्या आठवड्यात खानावळ असलेल्या वसतिगृहांतल्या मुलांच्या घशाचे नमुने घेतले. पहिल्या दिवशी ६.९ टक्के मुलांच्या घशात जंतू होता, चौथ्या दिवशी २३.१ टक्के. डिसेंबरपर्यंत ३४.२. कारणं तरुणपणाचीच: सिगारेट, बार, चुंबन. अमेरिकेतही १९९८-९९ च्या पाहणीत वसतिगृहात राहणाऱ्या पहिल्या वर्षाच्या मुलांत लाखामागे ५.१ जणांना हा आजार झालेला दिसला. त्याच वयाच्या, कॉलेजात नसलेल्यांत १.४.

जुनी लस मात्र अपुरी होती. असर थोड्या वर्षांत ओसरायचा आणि घशातला जंतू फारसा हलायचा नाही. साखरेला प्रथिनाची जोड दिल्यावर चित्र पालटलं. ब्रिटनने नोव्हेंबर १९९९ मध्ये ‘सी’ची अशी लस जगात सर्वप्रथम सुरू केली, आणि तान्ह्या बाळांबरोबर १५ ते १७ वर्षांच्या मुलांनाही आधी घेतलं. किशोरांच्या घशातला ‘सी’ दोन तृतीयांशांनी घटला, त्यामुळे लस न घेतलेलेही वाचले. पुढे ‘डब्ल्यू’ वाढू लागला तशी २०१५ मध्ये चार प्रकारांवरची लस आली, तीही १७-१८ वर्षांच्या मुलांना आणि विद्यापीठात नव्याने येणाऱ्यांना. अमेरिकेने २००५ मध्ये अशीच चार प्रकारांवरची लस ११-१२ व्या वर्षी द्यायचं ठरवलं, पण पाच वर्षांत असर कमी होतो असं दिसल्यावर २०१० मध्ये सोळाव्या वर्षी आणखी एक डोस जोडला.

‘बी’ प्रकार तेवढा हुलकावणी देत राहिला. त्याच्या कवचातली साखर माणसाच्या मज्जापेशींवरच्या साखरेसारखी, त्यामुळे शरीर तिला परकी मानतच नाही. २०१३ मध्ये प्रिन्स्टन विद्यापीठात साथ आली तेव्हा अमेरिकेत मंजुरी नसलेली ‘बी’ची लस खास परवानगीने मागवावी लागली.

या गोष्टीत पुणंही आहे. सिरम इन्स्टिट्यूटने आफ्रिकेसाठी ‘ए’ प्रकारावरची लस अर्ध्या डॉलरच्या आत बनवली आणि डिसेंबर २०१० मध्ये बुर्किना फासोपासून ती द्यायला सुरुवात झाली. ती फक्त बाळांना दिली नाही. १ ते २९ वयाच्या सगळ्यांना रांगेत उभं केलं, कारण जंतू घरोघर पोचतो तो बहुधा याच वयाच्या घशांतून.